कापडी ग्रो बॅगमधली झाडं वाकवायची आणि बांधायची कशी – खान्देशातल्या गच्चीसाठी सविस्तर

जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव कुठेही बघा, आता गच्चीवर कुंड्या कमी आणि फेल्टच्या काळ्या कापडी ग्रो बॅगा जास्त दिसतात, आणि ते चांगलंच आहे कारण आपल्या उन्हात प्लास्टिकच्या कुंडीतली माती बाजूने भाजून निघते, कापडातून हवा खेळते, पाणी साचत नाही. पण या बॅगेत मिरची वांगं लावलं आणि ते वाढायला लागलं की सगळ्यांचा प्रश्न एकच येतो, झाड एकतर सरळ बांबूसारखं वर जातं नाही तर एका बाजूला लवतं, आणि त्याला बांधायचं म्हटलं तर बांधायचं कशाला? कुंडीला कड असते, भोक पाडता येतं. कापडी बॅगेची कड मऊ, दोरी ओढली की कडच आत दुमडते, झाड तिथल्या तिथेच राहतं आणि मुळाजवळची माती मात्र हलते.

म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कापडी बॅगेत झाडाचा ताण बॅगेच्या कापडावर येऊ द्यायचा नाही आणि मुळांवर तर अजिबात येऊ द्यायचा नाही. त्यासाठी बॅगेला एक कडक रिंग द्यायची, खोडाचं बूड आधी पक्कं करायचं, आणि मगच शेंडा वाकवायचा. हा क्रम पाळला की बाकी सगळं सोपं आहे.

वाकवायचं कशासाठी

झाडाच्या सगळ्यात वरच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खोडातून खाली उतरतं आणि खालच्या पानांच्या बेचक्यातले डोळे दाबून ठेवतं. म्हणून झाड आधी उंची धरतं, फुटवे नंतर. शेंडा वाकवून बाकीच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली आणला की हा दाब सुटतो आणि खोडावरचे पेराचे डोळे एकामागोमाग एक फुटायला लागतात. शेंडा खुडूनही हेच होतं, पण खुडलं की झाड काही दिवस थांबतं, आणि वाकवलं तर शेंडाही राहतो आणि फुटवेही मिळतात. गच्चीवर अजून एक फायदा म्हणजे झाड बुटकं राहतं, वाऱ्याला कमी सापडतं, आणि मधे उजेड हवा जाते त्यामुळे तुडतुडे, पांढरी माशी पानाखाली दडून बसली तर लगेच दिसते.

कापडी बॅगेत याला आणखी जोड मिळते. मूळ वाढत वाढत कापडापर्यंत आलं की त्याला हवा लागते, टोक सुकतं आणि मागून बारीक मुळं फुटतात, कुंडीसारखी मुळं गोल गोल फिरत बसत नाहीत. म्हणजे खाली मुळांना फुटवे आणि वर खोडाला फुटवे, दोन्ही बरोबर चालतं. पण याच बारीक मुळांना बॅग हलवलेली, दाबलेली, ओढलेली चालत नाही. म्हणून तर एवढा रिंगचा खटाटोप.

बॅग आणि माती

यात फार वेळ घालवत नाही. मिरचीला १२ बाय १२ इंच चालते, वांगं टमाट्याला १५ बाय १५ घ्या, कागदी लिंबू पेरूला १८ च्या खाली जाऊ नका. कापड जाड घ्या, पातळ कापड एका उन्हाळ्यात विरतं आणि बोटाने फाटतं. आपली काळी माती नुसती भरू नका, ओली झाली की फुगते वाळली की तडकते, आणि तडकली की बूड सैल होतं. काळी माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत नाही तर गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग आणि मूठभर निंबोळी पेंड असं काहीतरी ठेवा. भरून दोन तीन वेळा पाणी देऊन माती पूर्ण बसू द्या, बसली की परत भर घाला, वरून तीन इंच जागा सोडा. माती बसायच्या आधी रोप लावलं तर नंतर सगळ्या दोऱ्या सैल पडतात. बॅग स्लॅबवर थेट ठेवू नका, दोन विटांवर ठेवा.

रिंग कशी बनवायची

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका. आपल्या जिल्ह्यात ड्रिपची जुनी नळी कोणाच्या मळ्यात पडलेली नसेल असं होत नाही, १६ एमएमची लॅटरल मागून आणा, नाही तर दुकानातून दोन चार मीटर घ्या, सोबत १६ एमएमचे जॉइनर घ्या.

१५ इंची बॅगेचा घेर साधारण ४७ इंच येतो, नळी बाहेरून बसणार म्हणून दोन इंच वाढवा, ४९ इंच कापा. १२ इंची बॅगेला ४० इंच, १८ इंचीला साडेअठ्ठावन्न. पण बॅगा मापात एकसारख्या येत नाहीत, म्हणून कापायच्या आधी भरलेल्या बॅगेभोवती सुतळी गुंडाळून माप घ्या. नळीचं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरलं की मऊ पडतं, जॉइनर दाबून बसवा, दुसरं टोक तसंच, झाली गोल रिंग.

आता ही रिंग बॅगेच्या बाहेरून वरच्या कडेखाली दोन इंचावर आणा, आणि कडेचं कापड बाहेरच्या बाजूला नळीवरून खाली दुमडा, म्हणजे नळी कापडाच्या घडीत झाकली गेली. ही घडी दाभण आणि सुतळीने शिवून घ्या, पोतं शिवतात तसे लांब लांब टाके, चार बोटांवर एक. शिवायचं नसेल तर फायलींना लावतात त्या काळ्या बाइंडर क्लिपा सहा ठिकाणी लावा, काम चालतं, पण पावसात गंजतात आणि वाऱ्यात एखादी सुटते, म्हणून माझं मत शिवण्याच्याच बाजूने आहे. नळी कापडात झाकण्याचा अजून एक उपयोग आहे, एप्रिल मे मधे काळी नळी इतकी तापते की कोवळी फांदी तिला टेकली तर साल भाजते, कापड मधे असलं की तसं होत नाही.

शक्यतो रोप लावायच्या आधीच रिंग शिवून ठेवा. झाड लावलेल्या बॅगेला नंतर करायचं असेल तर बॅग न हलवता, न दाबता, दोघांनी मिळून करा.

काहीजण ताडपत्रीला मारतात तसे पितळी छल्ले कडेला मारून घेतात. दिसायला छान, दोरी ओवायला सोपं, पण रिंग नसेल तर नुसत्या छल्ल्याने कड दुमडतेच. रिंगसोबत छल्ले असले तर उत्तम. बॅगेच्या हँडलला मात्र बांधू नका, हँडल मोकळं लोंबतं, वाऱ्यात हलतं आणि फांदीला दिवसभर हिसके बसतात.

दोरी कोणती

सगळ्यात चांगल्या म्हणजे जुन्या सुती बनियनच्या किंवा साडीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या. मऊ, थोड्या ताणतात, सालीला काचत नाहीत. रावेर यावलकडच्या लोकांना सांगायलाच नको, केळीचं वाळलेलं सोपट, म्हणजे खोडावरची पदरासारखी साल, पाण्यात भिजवून उभं चिरलं की अशी मस्त बांधणी मिळते की पैसे द्यायची गरज नाही, आणि दोन तीन महिन्यात आपोआप कुजून सुटते, विसरलात तरी फांदीला फास बसत नाही. सुतळी चालते पण खोडाला लागते तिथे खाली कापड घ्या. प्लास्टिक चढवलेली जुनी वायरची तार जाड फांदीला ठीक.

नायलॉनचा बारीक दोरा, उघडी बाइंडिंग तार आणि रबरबँड हे तीन वापरू नका. पहिला कापतो, दुसरी तापते, तिसरं उन्हात वितळल्यासारखं होऊन सालीला चिकटतं.

कधी वाकवायचं

महिना आणि वेळ दोन्ही बघायचं. आपल्याकडे मुख्य काम जूनच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चपासून नवीन वाकवणं बंद. कारण झाड उघडलं की आतापर्यंत सावलीत असलेलं खोड आणि फळं एकदम पश्चिमेच्या उन्हात येतात, आणि पारा ४४-४५ वर गेला की खोडाची साल पांढरी पडून तडकते. उन्हाळ्यात फक्त सैल झालेल्या दोऱ्या नीट करा आणि ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा.

दिवसातली वेळ संध्याकाळची, पाणी द्यायच्या आधी. सकाळी खोड पाण्याने टच्च भरलेलं असतं, जरा वाकवलं की कट्‌कन मोडतं. दिवसभराच्या उन्हाने झाड किंचित मलूल झालेलं असतं तेव्हा तेच खोड नमतं. किंचित म्हणतोय हां, पानं पूर्ण लोंबली असतील तर त्या दिवशी पाणी द्या आणि काम दुसऱ्या दिवशी करा.

रोपाचं वय म्हणाल तर मिरचीला आठ दहा पानं आली की, वांगं वीतभर झालं की. त्याआधी खोड अगदीच कोवळं असतं, आणि उशीर केला तर वांग्याचं खोड लाकडासारखं होतं मग ते नमत नाही. ज्या मिरचीवर चुरडा मुरडा दिसतोय, पानं वाटीसारखी वळलीयेत, तिला आधी बरं करा, आजारी झाडाला ताण देऊ नका. नुकतं कुंडीतून बॅगेत हलवलेलं झाडही दोन आठवडे तसंच राहू द्या.

प्रत्यक्ष बांधणी

पहिली दोरी बुडाला. खोडाला मातीपासून दोन बोटं वर पट्टीचा सैल वेढा घ्या आणि ज्या दिशेला शेंडा वाकवायचा आहे त्याच्या बरोबर उलट बाजूच्या रिंगला बांधा. ही दोरी ताणून ओढायची नाही, फक्त झोल काढायचा. हिचं काम एवढंच की शेंडा ओढला की बूड त्या बाजूला कलू नये आणि मागची मुळं तुटू नयेत. बहुतेकजण हीच दोरी बांधत नाहीत आणि मग म्हणतात झाड वाकवलं की बसलं.

वेढा आठच्या आकड्यासारखा घ्यायचा, खोडाच्या एका बाजूने जाऊन मधे पीळ देऊन परत, म्हणजे खोड दोरीवर घासत नाही. वेढ्यातून करंगळी आरपार गेली पाहिजे. खोडाजवळ निरगाठ मारू नका. गाठ नेहमी रिंगच्या बाजूला, आणि तीही सुरगाठ, म्हणजे एक टोक ओढलं की सुटली, नंतर ताण कमीजास्त करता येतो.

आता वाकवणं. डाव्या हाताचा अंगठा जिथे वाक द्यायचा त्याच्या आतल्या बाजूला टेकवा, चार बोटं मागून, म्हणजे खोडाला आधार मिळाला. उजव्या हाताने शेंड्याच्या खाली चार पेरं सोडून धरा आणि सावकाश, अगदी सावकाश, बाहेर आणि खाली न्या. वाक एका पेरावर येऊ द्यायचा नाही, तीन चार पेरांमधे कमान पडली पाहिजे. वाकवताना खोडाकडे बारीक लक्ष ठेवा, आतल्या बाजूच्या सालीला बारीक सुरकुत्या पडायला लागल्या की थांबा, आणि बाहेरच्या बाजूला पांढरट रेघ दिसली तर बोटभर मागे घ्या. ती रेघ म्हणजे साल ताणून फाटायच्या बेतात आहे.

पहिल्या दिवशी अर्ध्यापर्यंतच, म्हणजे उभ्यापासून तिरकं. तिथे दुसरी दोरी बांधून सोडून द्या. तीन चार दिवसांनी सुरगाठ सोडून अजून खाली, परत तीन चार दिवसांनी आडवं. एकाच संध्याकाळी सगळं उरकायच्या नादात मोडतं ते. आमच्या बाजूचे आप्पा तर बघूनच म्हणतात, "मोडी जाई ना भो", पण तीन टप्प्यात केलं तर नाही मोडत.

शेंड्याचं टोक बांधायचं नाही, शेवटची चार पाच पानं मोकळी. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात तर टोकाने मान उचललेली दिसेल, खोड आडवं आणि शेवटचा वीतभर शेंडा सरळ आभाळाकडे. हे झालं म्हणजे काम बरोबर झालं. साधारण आठवडा दहा दिवसात आडव्या खोडावर प्रत्येक पानाच्या बेचक्यातून हिरवा ठिपका फुगायला लागतो, ते फुटवे. पानं मधे येतात म्हणून तोडू नका, पान नुसतं फांदीखाली सरकवा, फुटव्याला उजेड मिळतो आणि पानही कामाला राहतं.

फुटवे वीतभर झाले की एकेकाला वेगवेगळ्या दिशेच्या रिंगला बांधायला घ्या, छत्रीच्या काड्यांसारखे चारी बाजूला. सगळे एका बाजूला ओढू नका, १५ इंची बॅग ओली असताना ३० किलोच्या आसपास असते पण वाळली की हलकी होते आणि एका बाजूच्या वजनाने कलंडते. मिरची वांग्याला पाच सहा मुख्य फांद्या पुरे, बाकी मधले बारीक फुटवे काढून टाका.

मोडलंच तर

पूर्ण तुटलं नसेल, सालीचा एक पदर जरी धरून असला तरी जगतं. लगेच दोन्ही भाग जुळवून मूळ जागी आणा, कलम बांधायची टेप नाही तर इन्सुलेशन टेप वरपासून खालपर्यंत घट्ट गुंडाळा, बाजूला तुरीच्या काटकीचा आधार द्या आणि दोन तीन आठवडे हात लावू नका. तिथे गाठ येते आणि ती गाठ नंतर बाकी खोडापेक्षा मजबूत असते. पूर्ण तुटलं तर खालच्या पेराच्या वर स्वच्छ काप घ्या, शेंडा खुडल्यासारखंच झालं, खालून फुटेल.

कोणत्या झाडाला काय

मिरची: नंदुरबारकडे मिरचीचं मोठं मार्केट आहे, रोपं आपल्याकडे सगळीकडे मिळतात. मिरची स्वतःच वर जाऊन दोन फांद्यांचं बेचकं करते आणि हे बेचकंच तिचं नाजूक ठिकाण, फळांचं वजन आणि वारा दोन्ही एकदम आले की तिथून उभी चिरते. म्हणून बेचक्यातल्या दोन्ही फांद्या बाहेर ओढायच्या आधी बेचक्याच्या जरा वर दोन्हींना मिळून एक सैल आठचा वेढा द्या, मग बाहेर बांधा.

वांगं: आपलं जळगावचं भरिताचं वांगं, २०१६ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं, ते गच्चीवर लावायची सगळ्यांची हौस असते आणि असायलाच पाहिजे. पण त्याचं फळ मोठं आणि जड, आडव्या फांदीला ते पेलत नाही. म्हणून वांग्याची फांदी पूर्ण आडवी करू नका, तिरकी ठेवा, आणि फळ मुठीएवढं झालं की कांद्याच्या जाळीच्या पिशवीचा तुकडा झोळीसारखा फळाखाली घालून वर गच्चीच्या तारेला नाही तर बांबूला टांगा. झाड उघडं ठेवल्याचा वांग्याला मोठा फायदा म्हणजे शेंडा पोखरणाऱ्या अळीने मलूल झालेला शेंडा लगेच नजरेत येतो, तो अळीसकट कापून दूर फेकता येतो. वाढलेल्या वांग्याला फवारत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

टमाटे: बुटकी जात असेल तर वाकवू नका, नुसता आधार द्या. वेलासारखी उंच जाणारी जात असेल तर वरच्या तारेपासून सुतळी सोडून तिच्यावर खोड गुंडाळत न्या आणि पानाच्या बेचक्यातले बगलफूट बोटभर असतानाच मोडा. सुतळीचं खालचं टोक बुडाला बांधू नका, रिंगला बांधा, नाही तर वाऱ्याने झाड मुळासकट वर ओढलं जातं.

पेरू: पेरूला फूल नवीन फुटीवर येतं, म्हणून फांद्या वाकवणं हा पेरूचा जुना प्रयोग. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ वर गेलेल्या फांद्या घ्या, टोकाकडची पानं ठेवून मधली पानं आणि बारीक फळं काढा, आणि फांदी कमानीसारखी रिंगकडे खाली बांधा. दोन तीन आठवड्यात कमानीच्या पाठीवर फुटवे येतात आणि त्यांच्यावर कळ्या. फुटवे निघाले की दोरी लगेच सोडू नका, फांदी त्याच आकारात कडक होऊ द्या.

लिंबू: जे सोटे सरळ जोरात वर जातात तेवढेच तिरके बांधा. काट्यांचं भान ठेवा, जाड हातमोजे घाला. लिंबाची जून फांदी नमत नाही, ती मोडते, तिच्या नादी लागू नका.

दोडका, कारलं, गिलकं, काकडी: यांचा भार बॅगेवर घ्यायचाच नाही. जाळी किंवा मांडव कठड्याला नाही तर भिंतीच्या हुकाला बांधा, बॅग फक्त खाली ठेवा.

बोगनवेल आणि वेली गुलाब: दोघांनाही आडवी फांदी मानवते, फुलं जास्त येतात. पण हिरवी असतानाच.

आठवड्याचं काम

आठवड्यातून एकदा प्रत्येक दोरीत करंगळी घालून बघा. पावसाळ्यात वांग्याचं खोड बघता बघता जाड होतं आणि मागच्या आठवड्यात सैल असलेला वेढा रुततो. रुतलेली दोरी ओढून काढू नका, कात्रीने कापा. दुसरं म्हणजे माती बसून बुडाजवळ खड्डा झाला असेल तर गांडूळखताने भरा.

पाणी रोज बघा. वाकवलेल्या झाडाला फुटवे आले की पानं वाढतात, पाणी जास्त लागतं, आणि कापडी बॅग चारी बाजूने सुकते. बोअरचं पाणी जड असेल तर कापडावर बाहेरून पांढरी बुरशीसारखी खार दिसते, ती बुरशी नाही, क्षार आहेत. महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून खालून निघून जाऊ द्या, आणि शिवलेल्या घडीवरची खार ओल्या फडक्याने पुसा, नाही तर सुतळी तिथे कडक होऊन तुटते.

बॅग हँडलने उचलून इकडेतिकडे फिरवू नका. उचलली की मधे पोट येतं, माती वाकते, बारीक मुळं तुटतात, आणि तुमच्या सगळ्या दोऱ्यांचा ताण बिघडतो. हलवायचीच असेल तर खाली फळी सरकवून दोघांनी धरा.

वादळाच्या आधी

मे जून मधली वावटळ आणि पावसाआधीचं वादळ काय करतं ते आपल्या केळीवाल्यांना विचारा, दरवर्षी उभ्या बागा आडव्या होतात. गच्चीवर वारा आणखी जोरात लागतो. मे लागला की बॅगा कठड्याच्या आत एकमेकींना चिकटवून ठेवा आणि शेजारच्या रिंगा एकमेकींना सुतळीने बांधून टाका, एकटी बॅग कलंडते, चार बांधलेल्या बॅगा नाही कलंडत. जड फळं असतील तर आधीच तोडा. फांद्यांच्या दोऱ्या मात्र वादळ येणार म्हणून जास्त आवळू नका, फांदीला थोडी हलायला जागा असली तरच ती वाऱ्याबरोबर जाते, आवळलेली दोरीच्या जागी मोडते. वादळ गेलं की आधी बुडाची दोरी तपासा, ती सरकली असेल तर बाकीच्या सगळ्या सुरगाठी सोडून, बूड सरळ करून, माती दाबून, मग परत एकेक बांधा.

हंगाम संपला, मिरची वांगं काढायचं झालं की झाड ओढून उपटू नका, खोड मातीलगत कापा आणि मुळं आतच कुजू द्या. सोपटाच्या आणि सुती पट्ट्या कंपोस्टमधे टाका, सुतळीचे टाके तपासून लागतील तिथे नवीन मारा. रिंग तशीच राहू द्या, नळी दोन तीन हंगाम आरामात जाते.